प्रकाशनपूर्व खेळाडू-समुदाय : अपेक्षा, श्रम आणि नकाराचा अधिकार

प्रास्ताविक

साहित्य, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेत कृती आधी आणि आस्वादक नंतर, असा क्रम सर्वसाधारणपणे गृहीत धरलेला असतो. लेखक लिहितो, प्रकाशक पुस्तक काढतो, वाचक ते वाचतो आणि मग समीक्षक त्याविषयी बोलतो. व्हिडिओ गेम या माध्यमात हा क्रम आता तसा राहिलेला नाही. अनेक खेळांच्या बाबतीत खेळ पूर्ण होण्यापूर्वी दोन-तीन वर्षे त्याचे खेळाडू एकत्र आलेले असतात. ते त्या खेळाविषयी चर्चा करतात, त्यासाठी पैसे भरतात, त्याची अपुरी आवृत्ती खेळतात, तिच्यातील दोष कळवतात आणि काही वेळा त्यातील पात्रेही नव्याने लिहायला लावतात. खेळ बाजारात येतो त्या दिवशी त्याचा समाज आधीच अस्तित्वात आलेला असतो.

या घटनेचा विचार आजवर मुख्यतः विपणनाच्या अंगाने झाला आहे. खेळाडूंना आधीपासून गोळा करावे, त्यांच्याशी सतत बोलत राहावे, त्यांना चाचणीत सामील करून घ्यावे, म्हणजे पहिल्या आठवड्यातील विक्री वाढते, असा व्यावहारिक सल्ला या क्षेत्रात दिला जातो. हा सल्ला चुकीचा आहे असे नाही. परंतु त्यात एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहतो. कृती पूर्ण होण्याआधी जमलेल्या या समुदायाचे कृतीशी नाते नेमके कोणते? तो ग्राहक आहे, प्रेक्षक आहे, आश्रयदाता आहे, सहलेखक आहे की बिनपगारी कामगार?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ‘नो मॅन्स स्काय’ (२०१६) आणि ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) या दोन खेळांच्या प्रकाशनपूर्व इतिहासाच्या आधारे केला असून, त्यानंतर भारतातील, विशेषतः पुण्यात निर्माण झालेल्या खेळांकडे त्याच दृष्टीने पाहिले आहे. लेखातील मुख्य प्रतिपादन असे की, प्रकाशनपूर्व समुदायाचे मोल त्याच्या संख्येवर ठरत नाही. प्रकाशनापूर्वी त्याच्या हाती काय दिले गेले आणि त्या आधारे ‘हे आम्हाला पटत नाही’ असे म्हणण्याची कितपत संधी त्याला मिळाली, यावर ते ठरते. या संधीला येथे ‘नकाराचा अधिकार’ असे म्हटले आहे.

पूर्वपरंपरा

प्रकाशनापूर्वी पाठीराखे मिळवण्याची कल्पना मराठी वाचकाला सर्वस्वी नवी वाटू नये. प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथाची प्रत नोंदवण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रूढ आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन करून तिचे भाग विकले. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच त्याला पाठबळ देणारा वर्ग त्यांनी उभा केला होता. दुसरीकडे, रंगभूमीवर रंगीत तालमीला मोजक्या जाणकारांना बोलावून त्यांच्या प्रतिक्रियांवरून नाटकात फेरफार करण्याचा प्रघात आहे. पहिल्या प्रकारात लोक पैसा देतात, पण मजकुरात हात घालत नाहीत. दुसऱ्या प्रकारात ते मत देतात, पण पैसा देत नाहीत आणि त्यांची संख्याही थोडी असते. व्हिडिओ गेमने या दोन्ही प्रथा एकत्र केल्या आणि त्यांचा विस्तार लाखो लोकांपर्यंत नेला. या माध्यमातील प्रकाशनपूर्व समुदायाचे वेगळेपण या एकत्रीकरणात आहे.

हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. इड सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने ‘क्वेक’ हा खेळ जून १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. तत्पूर्वी फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘क्यूटेस्ट’ या नावाने त्याची केवळ बहुखेळाडू सामन्यांपुरती चाचणी-आवृत्ती खुली केली होती. तांत्रिक तपासणी हा तिचा उद्देश होता. परंतु खेळाडूंनी त्या अपुऱ्या आवृत्तीवरच सामने खेळायला सुरुवात केली. २००९ मध्ये स्वीडनच्या मार्कुस पर्सन यांनी ‘माइनक्राफ्ट’ची प्राथमिक आवृत्ती लोकांपुढे ठेवली आणि पुढील अडीच वर्षे ती लोकांच्या डोळ्यांदेखत वाढत गेली. अल्फा अवस्थेत तिची किंमत सुमारे १० युरो, बीटा अवस्थेत सुमारे १५ युरो आणि नोव्हेंबर २०११ मधील पूर्ण आवृत्तीची सुमारे २० युरो होती. जो लवकर विश्वास ठेवील त्याला कमी किंमत, हे त्यामागील साधे न्यायतत्त्व होते. जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे ‘पूर्ण’ खेळ येण्याच्या दहा महिने आधी, त्याच्या १० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या.

यानंतर या प्रथेला संस्थात्मक रूप आले. २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या मंचावर डबल फाइन या स्टुडिओने २०१२ मध्ये ४ लाख डॉलरची मागणी केली असता त्यास ८७ हजारांहून अधिक लोकांनी ३३ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. मार्च २०१३ मध्ये स्टीम या विक्रीमंचाने ‘अर्ली ॲक्सेस’ ही सोय सुरू केली आणि अपूर्ण खेळ उघडपणे अपूर्ण म्हणून विकण्याची वाट खुली झाली. किकस्टार्टरवर वचन विकले जाते, तर अर्ली ॲक्सेसमध्ये अपुरी वस्तू विकली जाते. पुढील विवेचनात हा भेद वारंवार उपयोगी पडणार आहे.

अपेक्षाक्षितिज आणि त्याचा कर्ता

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्स विद्यापीठातील व्याख्यानात ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना मांडली. कोणताही वाचक कोऱ्या मनाने कृतीकडे येत नाही. त्या साहित्यप्रकाराचे संकेत, आधी वाचलेल्या कृती आणि भाषाव्यवहाराचे ज्ञान यांतून त्याच्या अपेक्षा घडलेल्या असतात. नवी कृती या अपेक्षा पूर्ण करते, मोडते किंवा बदलते. कृती आणि अपेक्षा यांत जे अंतर पडते त्यालाच याउस सौंदर्यात्मक मोल देतात. हे अंतर शून्य असेल, तर ती कृती केवळ करमणूक ठरण्याचा संभव असतो. म्हणजेच अपेक्षाभंग हा याउस यांच्या मते दोष नसून अनेकदा गुण असतो.

ही संकल्पना प्रकाशनपूर्व समुदायाला लावताना मात्र तिच्यात एक महत्त्वाची दुरुस्ती करावी लागते. याउस यांच्या विवेचनातील क्षितिज मुख्यतः परंपरेने घडवलेले असते. ते एका लेखकाची निर्मिती नसते. येथे मात्र ट्रेलर, मुलाखती, प्रदर्शनांतील सादरीकरणे आणि नियमित निवेदने यांद्वारे निर्माता स्वतःच आपल्या कृतीसाठी क्षितिज घडवत असतो. सबब येथील अपेक्षाभंगाचे दोन प्रकार करणे आवश्यक ठरते. परंपरेने दिलेली अपेक्षा मोडणे हे कलावंताचे स्वातंत्र्य आहे. स्वतः दिलेली अपेक्षा मोडणे हा वचनभंग होय. या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे खेळांविषयीच्या वादांत पुष्कळ गोंधळ माजतो. निर्माते वचनभंगाला कलास्वातंत्र्य म्हणतात आणि खेळाडू कलास्वातंत्र्याला वचनभंग म्हणतात.

वचनाभोवती जमलेला समुदाय : ‘नो मॅन्स स्काय’

इंग्लंडमधील गिल्फर्ड येथील हॅलो गेम्स या छोट्या स्टुडिओने डिसेंबर २०१३ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ या खेळाची घोषणा केली. गणिती सूत्रांच्या साहाय्याने निर्माण होणारे जवळजवळ अनंत विश्व ही त्याची कल्पना होती. त्यातील ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे सुमारे अठरा अब्ज अब्ज इतकी असेल असे सांगण्यात आले. २०१४ मध्ये सोनी कंपनीने लॉस एंजेलिस येथील ई-थ्री प्रदर्शनातील आपल्या मंचावर हा खेळ दाखवला आणि मूठभर माणसांच्या स्टुडिओचे काम जगभर चर्चेचा विषय झाले.

या खेळाचा समुदाय अतिशय मोठा आणि उत्साही होता. परंतु खेळ प्रसिद्ध होईपर्यंत या समुदायाच्या हाती खेळण्यायोग्य असे काहीच नव्हते. होते ते काही मिनिटांचे ट्रेलर आणि स्टुडिओचे प्रमुख शॉन मरे यांच्या मुलाखती. मुलाखतींत बहुखेळाडू अनुभवाविषयी प्रश्न विचारले गेले तेव्हा विश्व इतके विशाल आहे की दोघांची भेट होणे जवळपास अशक्य, अशा आशयाची उत्तरे मिळाली. भेट झाल्यास दोघे एकमेकांना दिसतील, अशी समजूतही त्याच मुलाखतींतून रुजली. जेथे वस्तू नसते तेथे कल्पनेला अटकाव करणारेही काही नसते. एका सदस्याने केलेला तर्क दुसऱ्यासाठी माहिती बनतो आणि तिसऱ्यासाठी वचन. अशा समुदायात अपेक्षा फक्त वाढू शकते. तिला कमी करण्याचे साधन त्याच्याकडे नसते.

मे २०१६ मध्ये प्रकाशन जूनवरून ऑगस्टवर ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा हे स्पष्टपणे दिसून आले. अवघ्या काही आठवड्यांच्या विलंबासाठी मरे यांना आणि ही बातमी प्रथम देणाऱ्या पत्रकाराला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ज्यांनी खेळ एकदाही खेळला नव्हता ते त्याचे कट्टर रक्षक आणि कठोर न्यायाधीश झाले होते. ९ ऑगस्ट २०१६ रोजी खेळ प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन दिवसांतच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच ठिकाणी पोहोचले. परंतु ते एकमेकांना दिसले नाहीत. भेटीची अशक्यता सांगणारे गणित निरुपयोगी ठरले, कारण समुदायाने शोधांची नोंद परस्परांना कळवून ती भेट घडवून आणली होती. वचनाची तपासणी करण्याची ही त्या समुदायाला मिळालेली पहिली संधी होती आणि ती पैसे भरल्यानंतर मिळाली. त्या शरद ऋतूत स्टीमवरील अभिप्राय बहुसंख्येने प्रतिकूल झाले. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रारीही गेल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्राधिकरणाने त्या फेटाळल्या. कायद्याच्या दृष्टीने फसवणूक झाली नव्हती, तरी समुदायाच्या दृष्टीने विश्वास मोडला होता. या दोन निर्णयांमधील अंतर हा समीक्षेचा विषय आहे.

स्टुडिओने पुढे जे केले ते तितकेच बोधप्रद आहे. त्याने जवळपास बोलणेच बंद केले आणि काम चालू ठेवले. नोव्हेंबर २०१६ पासून मोठ्या सुधारणा विनामूल्य देण्यास सुरुवात झाली. जुलै २०१८ च्या ‘नेक्स्ट’ या सुधारणेत खेळाडू एकमेकांना दिसू लागले आणि एकत्र खेळू लागले. डिसेंबर २०२० मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’ या सोहळ्यात सातत्याने चालू असलेल्या खेळांसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. आधी वचन आणि नंतर वस्तू हा क्रम उलटा करून, आधी वस्तू आणि तिच्याबरोबरच निवेदन, असे धोरण त्याने स्वीकारले. नंतर जमलेला समुदाय पहिल्यापेक्षा टिकाऊ ठरला. कारण तो प्रत्यक्ष वस्तूभोवती जमला होता.

वस्तूभोवती जमलेला समुदाय : ‘बाल्डर्स गेट ३’

बेल्जियममधील गेन्ट येथील लॅरियन स्टुडिओज या संस्थेने ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’ या मालिकेसाठी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये लोकवर्गणी उभारली होती, दुसऱ्या वेळी ही रक्कम २० लाख डॉलरहून अधिक होती. त्यामुळे ‘बाल्डर्स गेट ३’ची घोषणा जून २०१९ मध्ये झाली तेव्हा तिच्यामागे एक अनुभवी समुदाय उभा होता. त्याखेरीज बायोवेअर या कॅनडातील संस्थेच्या १९९८ आणि २००० मधील पहिल्या दोन खेळांचे जुने चाहतेही होते. या दोन गटांची क्षितिजे भिन्न होती. जुन्या चाहत्यांना मूळ खेळांतील, हवा तेव्हा थांबवता येणारी सलग लढत हवी होती. लॅरियनने पाळीपाळीने खेळण्याची पद्धत निवडली.

फेब्रुवारी २०२० मध्ये खेळाचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यात नायकाच्या तोंडची उत्तरे भूतकाळी निवेदनाच्या रूपात लिहिलेली होती. ‘मी त्याला विचारले’ अशा धर्तीची. साहित्याच्या अभ्यासकाला हा निर्णय रोचक वाटेल, कारण त्यात खेळाडू एकाच वेळी पात्र आणि निवेदक होत होता. समुदायाला मात्र तो दुरावा निर्माण करणारा वाटला आणि काही महिन्यांत स्टुडिओने तो मागे घेऊन थेट संवाद स्वीकारला. पाळीपाळीच्या लढतीबाबतचा आक्षेपही तितकाच तीव्र होता. परंतु तेथे स्टुडिओने माघार घेतली नाही. म्हणजे नकाराचा अधिकार येथे दोन्ही बाजूंना होता. समुदायाने ‘हे नको’ म्हणावे आणि लेखकाने कोणते ‘नको’ मानायचे ते ठरवावे, असे हे नाते होते.

६ ऑक्टोबर २०२० रोजी खेळाचा केवळ पहिला अंक अर्ली ॲक्सेसमध्ये खुला झाला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण खेळ येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, लाखो खेळाडू तो एकच अंक पुन्हापुन्हा खेळत राहिले. या काळात २५ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे स्टुडिओने जाहीर केले. फाशांचे दान सतत प्रतिकूल पडते ही तक्रार आल्यावर, फाशांची टोकाची लहर थोडी सौम्य करणारा पर्याय देण्यात आला. विल हे पात्र पुढे नव्याने लिहिले गेले. स्वप्नात येणाऱ्या मोहक आकृतीच्या जागी वेगळ्या भूमिकेचे पात्र आले. हे बदल केवळ तांत्रिक दुरुस्त्यांच्या स्वरूपाचे नसून निवेदन आणि पात्रचित्रण यांना स्पर्श करणारे आहेत.

या समुदायाच्या मर्यादाही येथे दिसतात. अर्ली ॲक्सेस सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत स्टुडिओने खेळाडूंनी निर्माण केलेल्या पात्रांची आकडेवारी तपासली. शिंगे, शेपट्या आणि नाना वंश उपलब्ध असूनही सर्वाधिक लोकप्रिय निवडी एकत्र केल्यावर एक अगदी सामान्य मानवी चेहरा तयार झाला आणि स्टुडिओने त्याबद्दल आपल्या खेळाडूंची जाहीर थट्टा केली. समुदायाची सरासरी ही कल्पकतेची दिशा दाखवत नाही, हे यातून सूचित होते. केवळ बहुमताने खेळ लिहिला असता, तर त्यात त्या एकाच चेहऱ्याची माणसे उरली असती.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र खेळाच्या रचनेतूनच मिळतो. प्रकाशनानंतर समीक्षकांनी आणि खेळाडूंनी या खेळाची मनःपूर्वक प्रशंसा केली; वर्षातील सर्वोत्तम खेळाचे बहुतेक सर्व प्रमुख पुरस्कार त्याला मिळाले. त्याच वेळी तिसरा अंक पहिल्याच्या तुलनेत कमी घोटलेला आहे, त्यात तांत्रिक दोष अधिक आहेत आणि काही पात्रांच्या कथा घाईने संपतात, अशी तक्रारही सर्वत्र झाली. पहिला अंक तीन वर्षे समुदायाच्या हाती होता. तिसरा अंक प्रकाशनापर्यंत जनसामान्यांच्या हाती गेलाच नव्हता. एकाच कृतीतील दोन भागांमध्ये असा फरक पडणे हा समुदायाच्या सहभागाचा परिणाम मोजण्याचा जणू नैसर्गिक प्रयोगच आहे. या फरकाला वेळापत्रक आणि तिसऱ्या अंकातील नगराचा विस्तार हीदेखील कारणे असतील. तरीही हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये खेळाडूंच्या मागणीस अनुसरून सोबत्यांच्या भेटीचा उपसंहार जोडला गेला. प्रकाशनापूर्वी जे घडायचे राहिले ते प्रकाशनानंतर घडले.

श्रमाचा प्रश्न

वरील तुलनेवरून दुसरा मार्ग निर्दोष आहे असा समज होऊ नये. ‘बाल्डर्स गेट ३’चा अपुरा पहिला अंक पूर्ण खेळाच्या किमतीला, म्हणजे ६० डॉलरला विकला गेला. पैसे देऊन केलेल्या या चाचणीतून जे दोष सापडले ते शोधण्यासाठी एरवी पगारी परीक्षक ठेवावे लागले असते. ‘माइनक्राफ्ट’मध्ये निदान आधी येणाऱ्याला कमी किंमत होती, येथे तेही नव्हते. युलियन क्यूकलिश यांनी २००५ मध्ये खेळांत फेरफार करणाऱ्या हौशी खेळाडूंच्या संदर्भात खेळ आणि श्रम या दोन शब्दांची सांगड घालून ‘प्लेबर’ ही संज्ञा रूढ केली. जे काम खेळ म्हणून केले जाते ते काम असल्याचे करणाऱ्यालाही जाणवत नाही आणि म्हणून त्याचा मोबदलाही मागितला जात नाही, असा त्यामागील आशय आहे. प्रकाशनपूर्व समुदायाला ही संज्ञा तंतोतंत लागू पडते.

यावर असे म्हणता येईल की, खेळाडू स्वेच्छेने येतो आणि त्याला त्यात आनंद मिळतो. हे खरेच आहे. तथापि आनंद हा मोबदल्याचा पर्याय मानला, तर आनंदाने शिकवणाऱ्या शिक्षकालाही वेतन देण्याचे कारण उरत नाही. न्याय्य व्यवहाराची किमान अट ही की, कामाचे स्वरूप आधी सांगितले जावे, त्याची दखल घेतली जावी आणि त्याचा परिणाम दिसावा. अपूर्णता उघड सांगणे, कळवलेल्या दोषांचे काय झाले ते प्रत्येक सुधारणेबरोबर जाहीर करणे आणि अमान्य सूचनांची कारणे देणे, हे उपचार नसून त्या श्रमाचे किमान मोल होय.

जेथे हा व्यवहार कधीच पूर्ण होत नाही तेथे काय होते याचे उदाहरण म्हणजे ‘स्टार सिटिझन’. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याची लोकवर्गणी सुरू झाली आणि २०१४ मध्ये खेळ देण्याचे उद्दिष्ट होते. २०२४ संपेपर्यंत जमा रक्कम ७० कोटी डॉलरच्या पुढे गेली होती आणि खेळ अजून अर्धवट अवस्थेतच होता. त्याच्या खेळाडूंच्या हाती अल्फा आवृत्ती असते, म्हणजे वस्तू दिलेली आहे; पण प्रकाशनाची रेषाच पुढे सरकत राहिल्याने हिशेब मागण्याचा दिवस उगवत नाही. त्यामुळे वस्तू हाती असणे पुरेसे नाही. प्रकाशन हा एक निश्चित क्षण असणेही नकाराच्या अधिकाराचा भाग आहे.

भारतीय संदर्भ

भारतात हा विषय प्रामुख्याने मोबाईलवरील खेळांच्या निमित्ताने पुढे आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाईल’वर बंदी घातली. दोनच दिवसांनी बंगळूरच्या एनकोअर गेम्सच्या ‘फौजी’ या खेळाची घोषणा अभिनेते अक्षय कुमार यांनी केली. ३० नोव्हेंबरला पूर्वनोंदणी सुरू झाली आणि पहिल्या चोवीस तासांत ती १० लाखांवर गेली. येथील क्षितिज निर्मात्याने एकट्याने घडवलेले नव्हते. बंदी आणि देशभावना यांमुळे हा खेळ ‘पबजी’ची जागा घेईल, अशी सार्वत्रिक समजूत झाली. २६ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या खेळात मात्र आरंभी गलवान खोऱ्यातील एकट्याने खेळण्याची मोहीमच होती. इतर खेळाडूंशी सामना करण्याची सोय नव्हती. प्ले स्टोअरवरील मानांकन थोड्याच दिवसांत खाली आले. ही समजूत दूर करण्यासाठी एखादी छोटी खुली चाचणी पुरली असती. पूर्वनोंदणी ही केवळ कळ दाबण्याची क्रिया आहे. तिच्यात पसंती नोंदवता येते, नापसंती नाही.

पुण्यातील दोन उदाहरणे या दृष्टीने अधिक अभ्यसनीय आहेत. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर १ लाख २० हजार डॉलरचे आवाहन केले, ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. परंतु त्यांनी आवाहनाबरोबर खेळण्याजोगा डेमोही दिला होता. पैसा उभा राहिला नाही, तरी मर्यादित का होईना, एक जाणता वर्ग त्यामुळे परिचित झाला. २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठीच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला. लोकवर्गणीचे अपयश म्हणजे समुदायाचे अपयश नव्हे, हे यातून दिसते.

दुसरे उदाहरण पुण्याच्याच सुपरगेमिंगच्या ‘इंडस’ या खेळाचे आहे. २०२२ मध्ये घोषित झालेल्या या खेळाची पूर्वनोंदणी प्रकाशनापूर्वी एक कोटीच्या पुढे गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मधल्या काळात निवडक खेळाडूंसाठी बंद चाचण्याही झाल्या. येथे दोन समुदाय एकमेकांशेजारी दिसतात : नोंदणी करून वाट पाहणारा विशाल समुदाय आणि प्रत्यक्ष खेळून मत देणारा लहान समुदाय. प्रसिद्धीमध्ये गौरव पहिल्याचा होतो, तर खेळाची जडणघडण दुसऱ्यामुळे होते. एक कोटी हा आकडा बातमीला उपयुक्त असतो; पण खेळातील एखादी बंदूक जड वाटते की हलकी, हे तो आकडा सांगू शकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. प्रकाशनपूर्व खेळाडू-समुदायाचे वचनाभोवती जमलेला आणि वस्तूभोवती जमलेला असे दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात अपेक्षा वाढत जाते. दुसऱ्या प्रकारात तिला वेळोवेळी वस्तुस्थितीची जोड मिळते.

२. याउस यांची अपेक्षाक्षितिजाची संकल्पना या क्षेत्राला उपयुक्त आहे. मात्र परंपरेने दिलेली अपेक्षा आणि निर्मात्याने दिलेली अपेक्षा यांत भेद केल्याशिवाय ती लावता येत नाही.

३. समुदायाचा सहभाग कृतीचा कस वाढवतो, हे ‘बाल्डर्स गेट ३’च्या पहिल्या आणि तिसऱ्या अंकांच्या तुलनेवरून सूचित होते. तथापि समुदायाची सरासरी लेखकाच्या निर्णयाची जागा घेऊ शकत नाही.

४. हा सहभाग श्रमाच्या स्वरूपाचा आहे. त्याची दखल, त्याचा हिशेब आणि त्याचा शेवट निश्चित नसेल, तर समुदाय हे शोषणाचे सौम्य नाव ठरते.

शेवटी या विषयाच्या अभ्यासपद्धतीसंबंधी एक मुद्दा नमूद करणे आवश्यक वाटते. हस्तलिखित परंपरेतील पाठभेदांची चिकित्सा करण्याचा आपल्याकडील व्यासंग मोठा आहे. खेळांच्या प्रकाशनपूर्व आवृत्त्या हेही पाठभेदच आहेत. परंतु प्रत्येक नवी सुधारणा आधीच्या पाठावर लिहिली जाते आणि सामान्य खेळाडूपाशी जुना पाठ उरत नाही. २०२० मधील ‘बाल्डर्स गेट ३’चा पहिला अंक आज विकत घेता येत नाही. विल हे पात्र आधी कसे बोलत असे, स्वप्नातील आकृती कोणती होती, हे ज्यांनी तेव्हा खेळून पाहिले त्यांच्या स्मरणात, टिपणांत आणि चित्रफितींत आहे. कृतीच्या घडणीचा इतिहास जपणारा हा समुदाय आहे. तो केवळ विक्रीच्या पहिल्या आठवड्यासाठी जमवला गेला, तर त्या आठवड्यानंतर तो पांगेल आणि त्याच्याबरोबर हा इतिहासही जाईल. म्हणून त्याचा अभ्यास विपणनाच्या अभ्यासक्रमावर सोपवून साहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या विभागांनी मोकळे होणे योग्य ठरणार नाही.